पिस्ताची कात आणि आईंचं कॅलेंडर

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. ते घरातल्या कॅरीबॅगांसारखे साठतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! आमच्या आइंडहोवनच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवायला जमलो की अजूनही कोणीतरी म्हणतंच, "ए, तो पिस्ताचा सांग ना!" आणि मग मी एकावर थोडीच थांबते!

पिस्ता म्हणजे सरडा. बागेतला साधा नाही हं, शॅमेलिऑन. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, वीतभर लांबीचा. तो आमचा नव्हे, केतकीचा. केतकी आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहते आणि इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ती बहिणीच्या लग्नाला नाशिकला निघाली आणि जाताना पिंजरा, दिवे, फवाऱ्याची बाटली आणि रातकिड्यांचा डबा असा सगळा संसार आमच्या हॉलमध्ये मांडून गेली. "वहिनी, फक्त तीन आठवडे!"

ती पोचली आणि विमानं बंद. तीन आठवड्यांचे सात महिने झाले.

आमच्याकडे तेव्हा आणखी एक पाहुण्या होत्या. माझ्या सासूबाई. दोन महिन्यांसाठी म्हणून सांगलीहून आलेल्या, त्याही अडकल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पिंजऱ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. "पाल पाळलीय? माणसं संपली का?"

लग्न पुढे ढकललं गेलं त्या दिवशी केतकीचा रडवेला फोन आला. "वहिनी, तिथे माझं म्हणून तेवढंच एक आहे हो. सांभाळाल ना त्याला?" मी तोंडभरून हो म्हटलं. तो पाणी वाटीतून पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, हेही तेव्हा मला माहीत नव्हतं.

*

पंधरा दिवसांत पिस्ता पांढरा पडला.

हिरवागार प्राणी सकाळी उठून बघावं तर राखेत लोळल्यासारखा. अंगावर पापुद्रे. बाहेर ती साथ, रोज नवे नियम, आणि आमच्या हॉलमध्ये हा असा! निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आधी मास्क लावला आणि मग प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन.

तिकडची बाई शांत होती. "तो कात टाकतोय. अंगावर पाणी फवारा, ओढू नका, वाट बघा."

"औषध?"

"वाट बघा."

निखिलनं फोन ठेवून आम्हाला सांगितलं. आई सोफ्यावरून म्हणाल्या, "इथे माणसांनासुद्धा हेच सांगतात. निदान दुजाभाव नाही!"

*

पण वाट बघणं आईंच्या स्वभावात नाही. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या कोरड्या कातडीवर एकच इलाज आहे: खोबरेल. आमच्या लेकीच्या, इराच्या केसांना खोबरेल, निखिलच्या टाचांना खोबरेल, एकदा तर सायकलच्या करकरणाऱ्या चेनलाही खोबरेल.

त्या दारातूनच हुकूम सोडू लागल्या. "दोन थेंब लाव रे टाळूवर. भेगाळलंय बिचारं."

मार्चमधल्या थंडीत तेल गोठलेलं. मी बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरली, निखिलनं कापसाचा बोळा बुडवला आणि पिस्ताच्या डोक्यावरच्या तुऱ्याला अलगद लावला.

पिस्ता काळाठिक्कर पडला! फुसकारला, फुगला आणि फांदीवरून घसरून खालच्या कुंडीत जाऊन बसला. तासभर तिथून हलला नाही.

रोज संध्याकाळी केतकीला फोटो पाठवायचा नियम होता. फोटो गेला आणि दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ कॉल आला. "दादा, तो चमकतोय का? तेल? तेल लावलंत?"

निखिलनं कापसाचा बोळा पाठीमागे लपवला.

"अहो दादा, तो सरडा आहे, पापड नाही!"

त्या रात्री आईंनी खोबरेलची बाटली स्वतःहून बाथरूमच्या कपाटात ठेवली. कबूल काही केलं नाही. फक्त म्हणाल्या, "पाण्यात जास्त तेल होतं वाटतं." तेलात पाणी म्हणायचं होतं त्यांना, पण मी विचारलं नाही.

*

कात टाकणाऱ्या सरड्यासमोर बसलं की माणसाची परीक्षा असते. पाठीवरून एक पापुद्रा लोंबतोय, अगदी निघायला आलाय, चिमटीत धरला की संपलं! आणि तेच करायचं नाही. ओढलं तर खालची कोवळी कातडी फाटते.

निखिलला तर कुठल्याही नव्या वस्तूवरचं प्लास्टिक सोलल्याशिवाय चैन पडत नाही. त्याचा हात दोनदा जाळीच्या दाराकडे जाताना पकडला. शेवटी आमच्या सात वर्षांच्या इरानं कंबरेवर हात ठेवून डचमध्ये दम भरला, "पापा, नीत पुल्कन!" खपली काढू नकोस म्हणून तिला शाळेत हेच बजावतात.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याला पाटी लागली. जाड पेनानं, आईंच्या वळणदार अक्षरात: "हात लावू नये. हुकुमावरून."

ज्या बाई पिंजऱ्यापासून दहा फुटांवरून जायच्या, त्यांनी ती पाटी चिकटवली कधी, हे आम्हाला कळलंच नाही.

*

कळणार तरी कसं? मी आणि निखिल दोन खोल्यांत दोन लॅपटॉपवर, इरा तिसऱ्या खोलीत शाळेच्या स्क्रीनपुढे. चौथं माणूस दिवसभर हॉलमध्ये एकटं. बाहेर पडायची सोय नाही, टीव्हीवर एक शब्द कळत नाही, नात डचमध्ये उत्तरं देते. मला तेव्हा ते दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

निखिल एकदा म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आपली सुपरमार्केटपर्यंत!" आम्ही हसलो. आई म्हणाल्या, "तुझी तरी तिथपर्यंत."

मग हळूहळू फवाऱ्याची बाटली त्यांच्या हातात गेली. सकाळी पूजा झाली की पिस्ताची आंघोळ. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर, जिथे सांगलीला त्या दूधवाल्याचे खाडे लिहितात, तिथे आता पिस्ताची कात लिहिली जाऊ लागली. "पाठ गेली." "शेपूट अर्धी." त्याच्या वयाला दर महिन्याला कात, म्हणजे दर महिन्याला चार दिवस घरात बाळंतिणीच्या खोलीसारखी शांतता!

*

सगळ्यात गाजलेला म्हणजे डोळ्याचा किस्सा.

मे महिन्यातली गोष्ट. निखिलची मोठी मीटिंग, त्याचा डच मॅनेजर, पंधरा माणसं, कॅमेरे चालू. तेवढ्यात आई धाडकन दार उघडून आत. "निखिल! डोळा बाहेर आलाय!"

निखिलनं घाबरून इंग्रजीत सांगितलं, "सॉरी, माय मदर... द आय हॅज कम आउट!" आणि कॅमेरा चालूच ठेवून पळाला.

हॉलमध्ये पिस्ता. कात टाकताना डोळ्याभोवतीचं कातडं सुटावं म्हणून हे प्राणी डोळा फुगवतात. चांगला गोटीएवढा फुगवला होता. दोन मिनिटांत डोळा जागेवर, वर नवंकोरं हिरवं झाकण. आम्ही तिघं खाली बसून हसत सुटलो आणि निखिलनं ऑफिसला "ऑल ओके" असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दारात ट्यूलिपचा भलाथोरला गुच्छ. सोबत कार्ड, पूर्ण टीमच्या वतीनं: "तुझ्या आईच्या डोळ्याला लवकर आराम पडो. तू हवी तेवढी रजा घे."

निखिलला खरं सांगायचा धीर झाला नाही. तो मॅनेजर पुढे दोन वर्षं भेटला की आईंच्या डोळ्याची चौकशी करायचा. आईंनी मात्र तो गुच्छ उचलला आणि सरळ पिंजऱ्याशेजारी नेऊन ठेवला. "ज्याचं त्याला."

*

आता संकष्टीचा. आई संकष्टी कडक करतात. एकच सवलत घेतात. चंद्रोदय सांगलीचा धरतात, कारण तो आधी होतो.

जूनमधल्या संकष्टीला पिस्तानं रातकिडा खाल्ला नाही. इरानं चिमट्यात धरून नाकापुढे नाचवला, त्यानं एक डोळा तिकडे फिरवला, दुसरा आईंकडे ठेवला, आणि तोंड मिटून बसला. आईंनी गणपतीकडे बघून हात जोडले. "मुक्या जिवाला कळतं!"

कात जवळ आली की त्याची भूक जाते, हे आम्हाला माहीत होतं. पण आईंनी तोवर सांगलीला तीन फोन केले होते. पुढच्या महिन्यात नेमकी कात पुन्हा संकष्टीच्या आसपासच आली, आणि सांगलीतल्या अर्ध्या गल्लीत पिस्ता पुण्यवान ठरला. त्यांच्या मैत्रीण सुमनताईंनी तर विचारलं, "उपास सोडायला त्याला काय देता?"

आई शाकाहारी. रातकिड्यांचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. म्हणाल्या, "इकडचंच काहीतरी असतं."

*

एकदा मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं. ऑगस्टमध्ये सगळी कात गेली, पण मागच्या पायाच्या एका बोटावर कातडीचं वेटोळं अडकून राहिलं. वाळलं आणि दोऱ्यासारखं आवळलं. बोट सुजलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की ओलं ठेवा, दोन-तीन दिवसांत सुटलं नाही तर घेऊन या. बोट जाऊही शकतं.

केतकीला काय सांगायचं? मी त्या संध्याकाळी मुद्दाम फोटो पुढच्या बाजूनं काढला. फोटो पाठवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आईंनी खुर्ची पिंजऱ्याला लावली. दर अर्ध्या तासानं कोमट पाण्याचा फवारा, मग ओलं इअरबड त्या बोटावर नुसतं टेकवून ठेवायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही. दोन दिवस. जेवणाचं ताटही तिथेच. आणि अखंड गप्पा चालू: सांगलीचा पूर, निखिलची मुंज, सासरे गेले ते वर्ष. मी आत मीटिंगमध्ये बसून ऐकत होते. त्यातलं निम्मं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. "बाहेर या सगळे!"

वेटोळं इअरबडला चिकटून आलं होतं. आणि पिस्ता, ज्याला हातात घेतलेलं मुळीच आवडत नाही, तो आईंच्या मनगटावर चढून बसला होता. पालीला भिणाऱ्या आई श्वास रोखून हसत होत्या. "कुणी बोलू नका रे," त्या म्हणाल्या.

*

सप्टेंबर संपता संपता केतकी परतली. क्वारंटाइनचे दिवस खाली काढले आणि मग एका रविवारी पिस्ताला न्यायला वर आली.

आईंनी सकाळपासून पिंजरा पुसला होता, पानं धुतली होती. पुरणपोळ्या केल्या होत्या. पिस्ताकडे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

केतकी आली, मला मिठी मारून रडली, आणि पिंजऱ्यापुढे गुडघे टेकून बसली. पिस्ता फांदीवर. हिरवागार, तकतकीत, वीतभर होता तो दीड वीत झालेला. कुठे एक पापुद्रा नाही.

"चला पिस्तोबा, घरी!" ती म्हणाली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"आज नको गं," आई मागून म्हणाल्या. "कात टाकायला आलाय. अशात हलवू नये."

निखिलनं माझ्याकडे बघितलं. इरानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. पिंजऱ्याच्या बरोबर वर, केतकीच्या डोळ्यांसमोर, ते कॅलेंडर लटकत होतं. गेल्याच बुधवारच्या चौकोनात आईंच्या अक्षरात लिहिलेलं: "पिस्ता, पूर्ण. बोटंही मोकळी."

केतकीनं ते वाचलं. पिस्ताकडे बघितलं. मग वळून आईंकडे बघितलं. त्या हातातली फवाऱ्याची बाटली पदरानं पुसत होत्या, पुसलेलीच पुन्हा पुसत होत्या.

तिनं कडी लावून टाकली.

"काकू, तुमचं तिकीट कधीचं आहे?"

"पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीसचं."

केतकी पुन्हा पिंजऱ्यात डोकावली, डोळे बारीक करून, डॉक्टर बघतात तसं.

"हो की, पांढरा पडायला लागलाय," ती म्हणाली. "अठ्ठावीसपर्यंत तरी हलवायला नको."