तात्यांनी निवडलेलं यंत्र

कुठलंही यंत्र दाखवा, तात्या त्याची किंमत, कंपनी काही विचारत नसत. मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि दुकानदाराला विचारायचं, "पाणी किती पिती?" दुकानदार बिचारा माहितीपत्रक चाळत बसे.

तात्या मुकुंदवाडीत आमच्या मागच्या गल्लीत राहत. घराणं फर्दापूरकडचं, शेळ्यामेंढ्या राखणारं. पण यांची उभी हयात आरशांच्या कारखान्यात काचेच्या कडा घासण्यात गेली. नोकरी सोडून मी गच्चीवरच्या खोलीत छोटी भट्टी मांडली आणि रंगीत काचा वितळवून ताटल्या करू लागले. पहिली ताटली कौतुकानं सासूबाईंना दिली, तर त्यांचं बोटच कापलं. भट्टीतून निघालेल्या काचेच्या कडेला बारीक काटे राहतात, हे मला तेव्हा कळलं. काचेवर पाणी सोडत कडा घासणारं यंत्र हवं होतं आणि खोलीत जागा होती एकाचीच.

खरेदीला तात्या बकऱ्यांच्या बाजाराला निघाल्यासारखे धुतलेली टोपी घालून आले. मी भाळले होते मोठ्या घासचकतीच्या यंत्रावर. तात्या म्हणाले, "लई पिती ही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. हिला पाजशील का सासूला?" पट्ट्याचं यंत्र सुरू केलं, तर म्हणाले, "ही वरडती. शेजारी भांडायला येतील." शेवटी कोपऱ्यातली, थेंब थेंब पाणी घेणारी लहान चकती त्यांना पसंत पडली. तिच्यावर थाप मारून म्हणाले, "ही गरीब हाय. घरात खपंल." मी मात्र घरी येईपर्यंत तोंड फुगवून होते.

पाणी पुरवायची रीतही त्यांनीच शिकवली. घासलेलं गढूळ पाणी बादलीत निवळू द्यायचं, वरचं नितळ तेवढं पुन्हा वापरायचं. गाळ चुकूनही मोरीत ओतायचा नाही. "मोरीला काच पचत नाय," असं ते बजावत.

एकदा दहाव्या दिवशीही नळ आला नाही. बादली कोरडी पडली आणि दुसऱ्या दिवशी बारा ताटल्या द्यायच्या होत्या, माझी पहिलीच ऑर्डर. एकच ताटली घासायची राहिली होती. मी ती तशीच कोरडी चकतीवर धरली. तात्या तेव्हा जिना चढत होते. बदललेला आवाज त्यांनी तिथूनच ओळखला. आत आले, प्लग उपटला आणि खोकला आवरेना म्हणून उंबऱ्यावरच बसले.

"आमी अशीच कोरडी घासली काच," जरा वेळानं ते म्हणाले. "भुकटी छातीत बसली. ती आता निघत नाय."

मला वाईट वाटलं, पण चीडही आली. "उद्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" तर त्यांनी मला त्या गिऱ्हाईक बाईंना फोन लावायला लावला आणि स्वतःच बोलले. "ताई, नळाला पाणी आलं की ताटल्या येतील." पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं, "आमच्याकडं तरी कुठं आलंय?"

पुढे तात्या बिडकीनला लेकीकडे राहायला गेले. तिथं आमची शेवटची भेट झाली. दोन शब्द बोलले की त्यांना दम घ्यायला थांबावं लागे. मी नवी ताटली पुढे केली, ती त्यांनी न बघताच बाजूला ठेवली.

"त्या लिंबापर्यंत पळून ये बघू."

मी चाळिशी उलटलेली बाई, साडी नेसलेली. लेक बघतेय, शेजारणी हसतायत. तरी पळाले. परत येऊन समोर उभी राहिले. ना धाप लागली, ना खोकला आला.

तात्यांनी मान तिरकी करून माझा श्वास ऐकला. मग समाधानानं म्हणाले, "बेस. मशीन चांगली घेतली आपण."