लोलोंचं पदक आणि चिंच

आज नेदरलँड्समधल्या माझ्या फेल्डहोवनच्या घरी आमटीसाठी चिंच भिजवली आणि त्या आंबट वासानं मी थेट माझ्या विद्यार्थिदशेतल्या, इथल्याच कापेल गावातल्या भाड्याच्या घरात पोचले. घरमालकीण तेरेसाचे वडील फिलिपिन्सच्या सैन्यातले निवृत्त कॅप्टन. कोरियाच्या युद्धात त्यांनी गोळीबारातून जखमी जवानांना टेकडीवरून खाली आणलं होतं. तिथेच लढलेल्या डच सैनिकांनी त्यांना मेळाव्याला बोलावलं होतं, पण लोलो हटून बसले. फिलिपिनो भाषेत लोलो म्हणजे आजोबा; मी त्यांना तशीच हाक मारायचे.

"पदक काळं पडलंय. मला ओळखणार कोण?"

"द्या इकडे, लोलो!" दिवाळीआधी आई पितळेचे देव घासते, तशी मी पदकाला चिंच चोळू लागले.

"अगं, ती सूपसाठी होती!" तेरेसा ओरडली.

"सूप उद्या कर," लोलो म्हणाले.

पदक झळझळलं. धावतपळत आम्ही मेळाव्याला पोचलो. दारातच काठी टेकत एक डच आजोबा पुढे आले. पदकाकडे न बघताच त्यांनी लोलोंना मिठी मारली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हीच ती पाठ! हिच्यावर बसूनच मी टेकडी उतरलो."

तेव्हा माझी मेहनत वाया गेली म्हणून मी जरा खट्टू झाले होते. आता चिंचेचा वास आला की मला पदक आठवतच नाही, ती पाठ आठवते.