वीज गेली तर?

‘बरं, आणि मध्येच वीज गेली तर?’

पापडी गावच्या एका गृहस्थांनी हा प्रश्न जर्मनीपासून जपानपर्यंत किती जणांना विचारला असेल, कोण जाणे. आम्ही एकाच कंपनीत होतो. ते लवकर निवृत्त झाले आणि घरी बसून फुकट काम करू लागले. देशोदेशीचे लोक मिळून जे खुलं सॉफ्टवेअर लिहितात, त्यातले बदल तपासायचं काम.

त्यांचा प्रांत आभासी डिस्कचा. संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता भासणारा संगणक चालवतात. त्याला वाटतं, आपल्याकडे खरीखुरी डिस्क आहे. असते ती एक साधी फाइल. दोघांमधला निरोप्या म्हणजे ड्रायव्हर.

‘निरोप्यानं थाप मारायची नाही,’ ते म्हणत. ‘लिहून झालं म्हणाला, तर झालेलंच पाहिजे.’

भारनियमनाची आतुरतेने वाट पाहणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. मुलीने घेऊन दिलेला इन्व्हर्टर त्यांनी पंख्याला जोडला, संगणकाला नाही. दिवे गेले की गल्ली हळहळे आणि वीज परत आल्यावर फाइलमध्ये किती उतरलंय ते पाहायला हे खुर्चीत सरसावून बसत.

‘घरात लक्ष नाय, पण लाइट गेली की स्वारी खूश!’ त्यांची बायको स्वयंपाकघरातून ऐकवी.

एकदा त्यांनी स्वतःच एक बदल लिहिला. डिस्क भलतीच वेगाने पळू लागली. त्या जगातल्या पीठाधीशांनी ठेवणीतली विशेषणं बाहेर काढली. पुढच्या आवृत्तीत यांचं नाव लागणार, हे ठरलं. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढ्याच एका गोष्टीची हाव धरलेली मी पाहिली. बायकोने केक सांगून ठेवला.

अभिनंदनाला गेलो, तेव्हा वीज नुकतीच जाऊन परत आली होती. आतल्या संगणकाला ‘लिहून झालं’ असा निरोप मिळाला होता. फाइलमध्ये मजकूर अर्धाच होता. ते बदल मागे घेत असल्याची मेल लिहीत होते.

‘अहो अंकल, सगळ्यांनी तपासलंय!’

‘सगळ्यांकडे चोवीस तास वीज असते रे.’

‘आणि तुमचं नाव?’

‘थापेखाली लावू?’ त्यांनी मेल पाठवली. मग जरा वेळाने आत हाक मारली, ‘अगं, केक आण. तो तरी पूर्ण झालाय.’

पुढे दोघं मुलीकडे कॅनडाला गेली. तिकडून मेल आली: ‘इथे वीज जातच नाही. शेवटी मीच प्लग खेचतो. मुलगी ओरडते.’

काही वर्षांनी मुलीचीच मेल आली, ते गेल्याची.

मीही आता थोडंफार ते काम करतो. परवा एका अनोळखी माणसाने माझा बदल अडवला. खाली एवढीच ओळ होती: ‘आणि मध्येच वीज गेली तर?’

माणूस नॉर्वेचा होता. तिथे वीज जात असेल, असं मला वाटत नाही.