सतरा फर्लांग

डिसेंबर १९४६, सकाळचे नऊ. पेट्रोल एक पिंट. हजर माणसे तीन : आमच्या धर्मार्थ दवाखान्याचे डॉक्टर, दवाखान्याचा कारकून म्हणून मी, आणि नगरच्या झेंडीगेटचे मिस्त्री. मिस्त्रींनी बाभळीची हातभर काठी जीपच्या इंजिनाला टेकवली, दुसरे टोक कानाला लावले आणि डोळे मिटून म्हणाले, "ऐकू द्या की जरा."

हे वाक्य पुढे मी शंभर वेळा तरी ऐकले असेल. शंभर हा अंदाज आहे, मोजलेले नाही.

ती काठी ते कशालाही लावत. पिठाच्या गिरणीला, शेजारच्या शिंप्याच्या मशीनला, एकदा तर माझ्या खिशातल्या घड्याळाला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "भाऊसाहेब, हे तुमच्यासारखंच हाय. थांबत न्हाई, पन दमलंय लई."

जीप लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. नांगरटीतून जाई, ओढ्यातून जाई, पण पेट्रोल अमाप पिई आणि पाय दाबला की क्षणभर विचार करी. दवाखान्याला महिन्याला दहा गॅलनची कुपने मिळत. पाथर्डीकडच्या वस्त्यांची एक फेरी पन्नास मैलांची. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला चार फेऱ्या, दोनशे मैल. प्रत्यक्षात दोन फेऱ्यांतच कुपने संपत आणि उरलेल्या दोन आठवड्यांत तिकडच्या आजाऱ्यांनी काय करायचे हे कोणालाच सांगता येत नसे.

मिस्त्रींची परीक्षा घेण्याची रीत साधी होती. ते टाकीची नळी काढत, एक पिंट पेट्रोल भरलेली बाटली पुढच्या काचेला सुतळीने बांधत आणि तिची नळी कार्बोरेटरला जोडत. मग भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याला गाडी सोडायची, ती आपोआप बंद पडेपर्यंत. फर्लांगाचे किती दगड मागे पडले ते मी मोजायचे. गॅलनचे पिंट आठ आणि मैलाचे फर्लांगही आठ, म्हणून एका पिंटात जितके फर्लांग, तितकेच गॅलनला मैल. मला ही रीत फार आवडली. पहिल्या दिवशी बारा फर्लांग भरले.

परीक्षेचे पेट्रोल कोणाचे, हा प्रश्न मी तिथेच काढला. कुपनांवर 'चाचणी' असा रकाना नव्हता. मिस्त्री हसले. "माझ्या डब्यातलं घ्या. तुमी वहीत पेट्रोल भरता, मी इंजिनात. एवढाच काय तो फरक."

दोन महिने, हातातली कामे सांभाळून, ते जीपला लागले होते. हवेच्या गाळणीतून ओंजळभर माती निघाली. कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप अर्धी मिटून बसली होती, ती मोकळी केली. पाय दाबताच पेट्रोलची चिळकांडी सोडणारा एक छोटा पंप असतो. त्यातले चामडे वाळून गेले होते. मिस्त्रींनी म्हशीच्या चामड्याची चकती कातरली, आठवडाभर एरंडेलात भिजत ठेवली आणि बसवली. पुन्हा बाटली बांधली. सतरा फर्लांग. शिवाय पाय टेकवला की गाडी उडी घेऊ लागली.

डॉक्टर खूश झाले. मी मात्र गुणाकार केला. दहा सत्ते सत्तर आणि शंभर, एकशेसत्तर. चौथ्या फेरीला तीस मैल कमी.

"मिस्त्री, वीस हवेत."

"सतराव्याला थांबा, भाऊसाहेब. आता पायाला लगेच जबाब देती. विसाला न्यायचं तर जेट बारीक करावं लागंल."

जेट म्हणजे बारीक भोकाची पितळी गुंडी. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळते.

"मग करा."

"सपाट सडकेला चालंल. चढाला अचानक पाय दाबला की उपाशी मानसावानी घेरी येईल तिला."

"डॉक्टर काही शर्यत लावत नाहीत."

"ओढे तर लागत्यात न्हवं?"

मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे गेलो. चौथ्या दिवशी त्यांनी जेटचे भोक कथलाने बुजवले आणि सुईएवढ्या गिरमिटाने नवे पाडले. बाटली बांधली. वीस फर्लांग, बरोबर दगडाशी. माझा आनंद पाहून म्हणाले, "तुमचं पोट भरलं. तिचं ऱ्हायलं."

डॉक्टरांना मी फक्त आकडा सांगितला. ते "वा" म्हणाले. वहीत मी लिहिले : वीस, समाधानकारक.

पाच महिने चौथी फेरी होत राहिली. जुलैतली चौथी फेरीही झाली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक पहिलटकरीण दोन दिवस अडली होती. डॉक्टर म्हणाले, नगरला न्यायला हवे. तिला मागे निजवले, तिची सासू डोके मांडीवर घेऊन बसली, मी औषधाची पेटी धरली. ओढ्याला चाकाच्या तुंब्याइतके, म्हणजे निम्म्या चाकापर्यंत पाणी होते. पाण्यातून गाडी नीट आली. पलीकडच्या चढाला चाके लागली आणि डॉक्टरांनी पाय दाबला. इंजिनाने एकदा ठसका दिला आणि ते बंद पडले. गाडी मागे घसरून पाण्यात आली.

हँडल मारून आमचे हात सोलले. शेवटी वस्तीवरचे लोक बैलजोडी घेऊन आले. सासूने मला विचारले, "किती येळ झाला वो, भाऊ?" सवयीने मी घड्याळ पाहिले आणि सांगितले, "चाळीस मिनिटे."

बाई वाचली. मूल मेलेले जन्मले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मी झेंडीगेटला गेलो. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला आणि बारीक भोकाचे जेट काढून दाखवले. डॉक्टरांनी विचारले, "जेट कुणी बारीक केलं?"

"म्या," मिस्त्री म्हणाले.

"मला न विचारता?"

"व्हय."

नोंदवही माझ्या काखेत होती. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर कदाचित मी बोललो असतो, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. आता सांगत नाही.

"ही गाडी यापुढे इथे येणार नाही," एवढे बोलून डॉक्टर पायीच निघून गेले. मिस्त्रींनी भोक पुन्हा मोठे केले, चौथ्यांदा आपल्या डब्यातून पिंट ओतले, आम्ही दोघे रस्त्याला गेलो. "सतरा," ते म्हणाले. "लिवा." मी लिहिले.

डॉक्टरांची गाडी गेली तशा इतरांच्याही गेल्या. एकदा बाजारात मिस्त्री समोर आले आणि त्यांनी विचारले, "त्या बाईचं कसं हाय?" मी "बरी आहे" म्हणालो आणि घाई असल्यासारखा पुढे गेलो. त्या हिवाळ्यात दुकानाला कुलूप लागले. ते बहिणीकडे बेलापूरला गेले, असे शिंप्याने सांगितले.

वाचकहो, हा हिशोब मी फार वेळा मांडला आहे. सतरावर थांबलो असतो तर चौथी फेरी नव्हती, म्हणजे जीप त्या वस्तीवर गेलीच नसती, आणि कदाचित बाईही दगावली असती. वीस केले म्हणून गेलो, आणि वीस केले म्हणून अडकलो. उत्तर दर वेळी वेगळे येते. चाळीस मिनिटे मात्र चाळीसच राहतात. अजूनही कुठे इंजिनाने ठसका दिला की माझा हात घड्याळाकडे जातो.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर मिस्त्री वारल्याचे कळले. तेव्हा मला त्यांची चार पिंटे आठवली. चार पिंटे म्हणजे अर्धा गॅलन, आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय मला अर्धा गॅलन मिळणे शक्य नव्हते. मी डॉक्टरांपुढे उभा राहिलो. कशासाठी, असे त्यांनी विचारले. मी सगळे सांगितले.

डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला. "मी त्यालाच विचारलं," ते म्हणाले, "तुम्हाला विचारलं नाही." मग त्यांनी वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिले : अर्धा गॅलन, मिस्त्रींचे, परत.

बेलापूरला बहिणीचे यजमान विहिरीवर होते. तिथले इंजिन रॉकेलवर चाले, पण सुरू करायला वाटीभर पेट्रोल लागे. इंजिनाशेजारी खुंटीला बाभळीची काठी टांगलेली होती. मी डबा बहिणीपुढे ठेवला.

"कशाचं वो हे?"

"त्यांचं आमच्याकडे राहिलं होतं."

तिने डबा हलवून पाहिला. "भाईजान शेवटपर्यंत एकच पुसायचे. नगरचं कुनी आलं की पुसायचे, त्या बाईला पुन्हा लेकरू झालं का म्हनून. आमाला काय ठावं, कोन बाई."

मला ठाऊक होते. जुलैत ती पुन्हा आमच्याकडे आली होती, वेळेवर. मुलगी झाली. वजन साडेपाच पौंड, नोंद माझ्याच अक्षरात आहे. जुलै ते दिवाळी चार महिने होतात, आणि बेलापूरला दीड आण्याचे पाकीट जाते.

"झालं," मी म्हणालो. "मुलगी आहे."

यजमानांनी डब्यातले थोडे पेट्रोल ओतून इंजिन सुरू केले. बहिणीने काठी काढून माझ्या हातात दिली. ती इंजिनाला टेकवून मी कानाला लावली. पुष्कळ आवाज होते. मला त्यातला एकही ओळखता आला नाही.

पेट्रोल चार पिंट, मिस्त्रींच्या बहिणीला पोचले.