लिफ्टशेजारचा तक्ता

“समानता आम्हाला मान्यच आहे हो. फक्त लिफ्टचा विषय त्यात आणू नका,” चेअरमन मोहिते म्हणाले. पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरून तीसेक माना एकदम हलल्या.

विरारच्या मनवेलपाड्यातली आमची सात मजल्यांची सोसायटी. रविवारची सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक चार माझा होता. इमारतीत कोणालाही जात, धर्म, भाषा किंवा काम बघून वेगळं वागवू नये, असा नियम करावा, एवढंच माझं म्हणणं.

माझी सगळी नोकरी मंत्रालयात कायद्यांचे मसुदे लिहिण्यात गेली. मसुदा म्हणजे कच्चा कायदा. काय हवं ते साहेब सांगणार, आणि उद्या कोणाला पळवाट सापडणार नाही असं ते आम्ही लिहायचं. रिटायर झालो तरी हाताची खाज जात नाही.

पण खरं कारण होत्या सुगंधाताई. आमच्याकडे आणि वरच्या आणखी तीन घरांत त्या भांडी-लादी करतात. लिफ्टच्या दाराशी पाटी होती, ‘कामवाल्यांनी जिना वापरावा.’ सभेच्या आदल्या महिन्यात एक दिवस त्या पाच मजले चढून आल्या आणि आमच्या उंबऱ्यातच बसल्या.

“काका, गुडघा नाय म्हनतो आता. डॉक्टरनी जिना बंद सांगितलाय. वरची घरं सोडते मी. दुसरी बाई बघा.”

वरची घरं म्हणजे त्यांची चारही घरं. दहा वर्षं मी लिफ्टने वर येत होतो आणि त्या जिन्याने. ‘समानता’ हा शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. ती पाटीही रोज वाचत होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. सभा होईपर्यंत तरी थांबा, अशी मी त्यांना गळ घातली.

तर सभा. कायद्यात ‘परंतु’पासून सुरू होणारं एक शेपूट असतं, त्याला परंतुक म्हणतात. वरच्या ओळीत दिलेलं खालच्या ओळीत काढून घ्यायची ती जागा. आमच्या सभेत तर शेपटांचीच रांग लागली. तिसऱ्या मजल्याने समानतेला पाठिंबा दिला, परंतु एकट्या मुलांना फ्लॅट भाड्याने देऊ नये. सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनीही दिला, परंतु मासे तळणारे भाडेकरू नकोत.

सेक्रेटरी डाबरे टीचर मूळच्या वसईकडच्या वटार गावच्या. त्यांनी मिनिट्सच्या वहीतून मान वर केली. “वहिनी, मग रविवारी माझ्याकडून कोळंबीचा डबा कोण नेतं?”

“ते वेगळं,” वहिनी म्हणाल्या.

मोहित्यांचं परंतुक लिफ्टचं होतं. “कामवाल्या घामाने भिजलेल्या असतात. लिफ्टमध्ये आपली फॅमिली असते. समजून घ्या.” मोहिते स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात आणि तेवढ्यासाठीही लिफ्टने जातात.

मतदान झालं असतं तर मी सपशेल पडलो असतो. अशा वेळी वाद घालायचा नसतो, तक्ता द्यायचा असतो. मी उठलो. “सगळ्यांचे अपवाद मला मंजूर आहेत. आपण ते अनुसूचीत घालू.” अनुसूची म्हणजे कायद्याच्या शेवटी जोडलेला तक्ता. “पाच रकाने. अपवाद, कारण, नाव, फ्लॅट नंबर, सही. पंधरा दिवसांत लिहिलेला प्रत्येक अपवाद लागू. न लिहिलेला रद्द. तक्ता लिफ्टशेजारी लावू. पारदर्शक कारभार!”

‘पारदर्शक कारभार’ हे मोहित्यांच्याच निवडणुकीचं वाक्य. ते खूश झाले. ठराव एकमताने पास झाला. मी मसुदा पुढे केला, त्यांनी न वाचता सही केली आणि सगळे चहा-वेफर्सकडे वळले.

सोमवारी जुनी पाटी उतरली, तक्ता लागला. बँकेत असतं तसं दोरीला पेन बांधलं. लोक यायचे, वाचायचे, इकडेतिकडे बघायचे आणि जायचे. वहिनींनी एकदा पेन हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात लिफ्टमधून डाबरे टीचर बाहेर आल्या.

“पेन चालतंय का बघत होते,” वहिनी म्हणाल्या.

आठव्या दिवशी मोहिते माझ्याकडे आले. “नाव लिहिलंच पाहिजे का? नुसतं ‘कमिटी’ लिहिलं तर?”

“कमिटी सही कुठल्या हाताने करणार, साहेब?”

“मग तुम्हीच लिहा ना. तुमचं अक्षर छान आहे.”

“अक्षर माझं देतो. सही तुमची लागेल.”

त्यांनी आवाज खाली आणला. “अहो, आमच्या बाईला वाचता येतं. माझं नाव बघितलं तर उद्यापासून यायची नाही.”

चहा पिऊन ते लिफ्टने खाली गेले. सुगंधाताई तीच लिफ्ट परत बोलावून वर आल्या. पाटी उतरल्यावर पहिले दोन दिवस त्या आत अंग चोरून उभ्या राहायच्या. आता कोपराने बटण दाबत होत्या. घरं सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला फार बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी मी कोरा तक्ता काढायला गेलो, तर एक ओळ भरलेली. टपोरं अक्षर. अपवाद: पहिल्या माळ्यावरच्या साहेबांनी जिन्याने जावे. कारण: गुडघे चांगले आहेत. फ्लॅट नंबर: चार घरी काम. नाव सुगंधाताईंचं आणि खाली ठसठशीत सही.

तेवढ्यात मोहिते आले आणि वाचून लालेलाल झाले. “ही सभासद आहे का? खोडा आधी!”

मी मसुदा काढून दाखवला. ‘इमारतीत येणारी कोणतीही व्यक्ती अपवाद नोंदवू शकेल.’ खाली मोहित्यांची सही. “इथे ‘सभासद’ हवं होतं. नोकरीतली सवय, हात लिहून गेला. चूक माझीच,” मी म्हणालो. निदान त्यांना तरी तसंच सांगितलं.

“मग बदला!”

“विशेष सभा बोलवा. नोटिशीवर विषय लिहायचा, कारण लिहायचं, खाली तुमची सही.”

 मोहिते वळले आणि जिना चढायला लागले. लिफ्टच्या दारात सुगंधाताई उभ्या होत्या. त्यांनी मागून हाक मारली, “सावकाश साहेब! कठडा धरा, मंग कळ येत नाय.”

मसुदे लिहिणाऱ्यांना माझी एवढीच सूचना आहे. भेदभाव करताना माणूस मागेपुढे बघत नाही, सही करताना बघतो. म्हणून सहीचा रकाना ठेवावा. आणि पेन साखळीने बांधावं, आमचं दोरीचं वहिनींच्या घरी सापडलं.