मृणालीचं ॲप आणि जिब्रानची प्रत

टेमघरच्या मृणालीने यंत्रमागवाल्यांसाठी एक ॲप लिहिलं. मोबाइलवर चौकटी रंगवल्या की त्या नक्षीसाठी कोणते धागे उचलायचे ते समजतं. त्याचा कोड तिने खुला ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. आणि देवाची करणी बघा, माणसं आली! कुणी मालेगावचं, कुणी इचलकरंजीचं. ना नेमणूक, ना पगार. एकाने चूक दाखवायची, दुसऱ्याने दुरुस्त करायची, तिसऱ्याने तपासायची. शेवटचा होकार फक्त मृणालीचा.

तिथेच अडलं. धामणकर नाक्याजवळ माग चालवणाऱ्या जिब्रानने उर्दूची सोय करून पाठवली. मृणाली म्हणाली, "बघते." तिचं बघणं काही संपेना. शेवटी त्याने सगळा कोड घेऊन आपली वेगळी प्रत सुरू केली. मदत करणारे एकेक करून तिकडे वळू लागले.

"चोरला म्हन की तुजा!" सासूबाई धोंडूबाई तापल्या.

"चोरी कसली, आई? घ्या म्हणून मीच लिहून दिलंय."

"मंग तोंड का पाडलंस?"

कारण साधं होतं. माणसं अशी विभागली गेली होती की इकडची दुरुस्ती तिकडे पोचत नव्हती. दोन्ही ॲपं रखडणार होती.

त्याच आठवड्यात देवळात सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. ज्याचा पहारा संपला त्याने ती पुढच्याच्या गळ्यात द्यायची. सासरे बाळाराम पहारा संपला तरी वीणा गळ्यात घेऊन, डोळे मिटून तल्लीन, आणि पुढच्या पहाऱ्याचा हिरामण ताटकळत उभा.

"अवो, सोडा ना ती वीना! देव काय तुमचा एकट्याचा हाय?" धोंडूबाई मागून म्हणाल्या. मंडपात हशा पिकला.

मृणाली हसली नाही. घरी येताच तिने फोन लावला.

"जिब्रानभाई, तुमची प्रत पाहिली."

"रागावलात, मॅडम?"

"रागावले होते. पण काम चांगलं आहे. माझी बंद करते, सगळ्यांना तिकडेच पाठवते."

"मग होकार तुम्हीच द्या की!"

"नको. होकार देणारे चार-पाच जण ठेवू. एकट्या माझ्याकडे नको, तुमच्याकडेही नको."

"माझ्यावर भरोसा नाही वाटतं?"

"तुमच्यावर आहे. उद्या तुम्हीही 'बघतो' म्हणालात तर?"

जिब्रान खळखळून हसला. "मंजूर!"

थोड्याच दिवसांत सगळे एका जागी कामाला लागले. मृणालीने तिथे पाठवलेला पहिलाच बदल होकार देणाऱ्यांपैकी इचलकरंजीच्या उन्नतीने परत धाडला: "ताई, जुन्या मोबाइलवर चालवून बघितलंत का?"

मृणालीने सासूबाईंचा मोबाइल मागून घेतला. ॲप खरंच अडकलं. तिने दुरुस्त करून पुन्हा पाठवलं आणि कुकर लावला. शिट्ट्या होईस्तोवर उन्नतीचा होकार आला होता.