आठ पणजोबा आणि एक फ्रिज

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी माझी पिशवी उघडली आणि एकामागून एक आठ कॅमेरे काढून ट्रेमध्ये मांडले. सगळे एकाच जातीचे, छोटे आणि जुने. दुकान आहे का, असं त्यांनी विचारलं. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी मी एक कॅमेरा चालू करून दाखवला. त्यात आमच्या वाईच्या शाळेतल्या सहावीच्या मुलांनी टिपलेलं ‘घरातलं गणित’ होतं. भाकऱ्यांची चळत, फरशीचे चौकोन आणि कुणाच्या तरी काकांचं अर्धवर्तुळाकार पोट. बाईंनी ते पोट नीट निरखून पाहिलं आणि मला जाऊ दिलं.

हेच कॅमेरे घेऊन मी तंजावूरला निघाले होते. तिथे सुंदरराव नावाचे निवृत्त गणित शिक्षक दर शनिवारी स्वतःच्या घरी मराठीचा वर्ग घेतात. मराठ्यांच्या राज्यात तिकडे जाऊन कायमची राहिलेली जी घराणी आहेत, त्यांची मुलं या वर्गाला येतात. शिक्षकांच्या एका मेळाव्यात माझी त्यांच्याशी ओळख झाली होती आणि फोटोंमुळे मुकी मुलंसुद्धा बोलू लागतात, अशी बढाई मी तिथे मारली होती. म्हाताऱ्याने ती मनावर घेतली. त्यांचा फोन आला, “मुलांस अस्कीं (सगळं) समजते, पण तोंड उघडत नाहीत. रविवारी पालकांची बैठक आहे. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवणार. तुम्ही या.”

तिरुचीहून कुंभकोणमची बस घेतली. दोन्ही बाजूंना भातखाचरं, कालवे, नारळीची बनं आणि खिडकीतून गार वारा. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तंजावूर केव्हाच मागे पडलं होतं आणि बस पापनाशमला उभी होती. कंडक्टरने तमिळमध्ये मला बरंच सुनावलं असावं. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. उलट बस पकडून तंजावूरला पोचले, तर सुंदरराव दोन तास ताटकळत उभे होते. रिक्षातून जाताना मोठ्या देवळाचं शिखर दिसलं, ते त्यांनी बोटाने दाखवलं.

घरी त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी डांगर पच्चडी (उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी) आणि भात वाढला. मी तीनदा घेतली. वर्गात सुरुवातीला तीस मुलं होती, आता आठच उरली आहेत, असं त्या ताक ओतता ओतता सांगून गेल्या. हा वर्ग बंद झाला तर शनिवारी नवऱ्याचं काय करायचं, ही त्यांची खरी काळजी होती. सुंदरराव तेव्हा मान खाली घालून पानातला भात सारखा करत होते. मला माझी बढाई आठवली.

शनिवारी आठ मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली. मी प्रश्न विचारले की ती गोड हसायची आणि तमिळमध्ये आपापसांत काहीतरी कुजबुजायची. सातवीतली वैष्णवी तर हसायचीसुद्धा नाही. सुंदररावांनी फळ्यावर देवनागरीत लिहिलेलं ती वहीत तमिळ अक्षरांत सुबक उतरवून घेत होती. मी प्रत्येकाच्या हातात एक कॅमेरा दिला आणि सांगितलं की तुमच्या घरात मराठी जिथे आहे, तिथला फोटो काढा, उद्या त्याबद्दल चार वाक्यं बोलायची. वाईत हा प्रयोग कधी फसला नव्हता. स्वयंपाकघर येईल, भांडणं येतील, लाडाची नावं येतील, असं मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी पालक यायच्या आत मी आणि सुंदररावांनी सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन टीव्हीला जोडले. पहिल्या फोटोत भिंतीवरची तसबीर होती. पगडी, मिशा, चंदनाचा टिळा, हार. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात पगडी होती आणि तोंडाच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा. आठ मुलांनी आपापल्या पणजोबा-खापरपणजोबांचे आठ फोटो काढून आणले होते. घरात मराठी कुठे आहे, असं विचारल्यावर या मुलांनी सरळ भिंतीकडे बोट दाखवलं होतं. मी डोक्याला हात लावला. सुंदरराव मात्र हळूच म्हणाले, “त्यांचे काय चुकले? आम्हीच तसे दाखवलो.” मला त्यांच्याकडे बघवेना.

पालक आले. बालाजी राव म्हणून विमा कचेरीतले एक अधिकारी त्यांचे पुढारी होते. हे वैष्णवीचे वडील आणि सुंदररावांचे जुने विद्यार्थी. त्यांनी अत्यंत नम्रपणे, तमिळमध्ये, सरांच्या कष्टांची स्तुती केली आणि मुलं एक वाक्य बोलत नसतील तर शनिवारची सकाळ कीबोर्डच्या शिकवणीला द्यावी असं सुचवलं. रुक्मिणीबाईंनी मला ते कानात सांगितलं. मग टीव्हीवरच्या एकेका पणजोबांसमोर एकेक मूल उभं राहिलं आणि नाव तेवढं सांगून खाली बसलं. सात झाले. बालाजी रावांनी घड्याळ पाहिलं.

आठवा फोटो वैष्णवीचा, सकाळी घाईत मी नुसती तसबिरीची चौकट पाहून पुढे गेले होते. पहाटे काढलेला, आणि तिच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चालला नव्हता. पणजोबा काळोखात बुडाले होते. तसबिरीच्या काचेत मात्र समोरच्या खोलीतला उघडा फ्रिज लख्ख दिसत होता आणि त्याच्या उजेडात बनियन आणि वेष्टी (तिकडची पांढरी लुंगी) नेसलेला एक गृहस्थ गाल फुगवून उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी वैष्णवीला विचारलं, हे कोण?

“अप्पा,” ती म्हणाली. अप्पा म्हणजे बालाजी राव. मग आईकडे एकदा बघून तिने सलग सांगितलं, “अप्पा अशोका हलवा खातात. रोज खातात की. डॉक्टर नको म्हणून सांगितले. डबा भाजीच्या मागें ठेवतात. अम्मास ठाऊक नाही.”

अशोका हलवा म्हणजे मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा हलवा. पण तो समजावून घ्यायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता. तिच्या आईने लगेच मराठीतच, केव्हापासून, असं विचारलं. दिवाळीपासून, असं उत्तर आलं. बालाजी राव उठले, मराठीत “मी काय म्हणतों...” एवढं म्हणाले, अडकले आणि तमिळमध्ये घसरले.

“मराठींत सांगा, अप्पा,” वैष्णवी म्हणाली.

मग उरलेल्या सात मुलांनाही कंठ फुटला. कुणाची आत्या किती वेळ फोनवर असते, कुणाचे आजोबा कवळी कुठे विसरतात, सगळं बाहेर आलं. फोटोंकडे कुणी बघतही नव्हतं. मुलं बोलत नाहीत म्हणून वर्ग बंद करायला आलेले बालाजी राव आता, मुलं फार बोलतात, म्हणून कुरकुरत होते. बायकोने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि वर्ग चालू राहील असं सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं. विरोध करायची हिंमत कुणाची नव्हती. सुंदरराव उगाचच फळा पुसत राहिले, तो आधीच कोरा होता. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

सोमवारी ते मला बसवर सोडायला आले. सकाळी सातलाच बालाजी दारात उभा होता, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, आता तक्रार असणार, मुलीला काढणार.

“पोरगी मराठींत भांडते सार (सर), मज उत्तर सुचेना, म्हणाला,” सुंदरराव म्हणाले. “शनिवारपासून मागच्या ओळींत बसतो म्हणून विचारला.”

बस सुटली. या खेपेला मी डुलकी घेतली नाही. फोटोंमुळे मुलं बोलतात असं सांगत मी आजवर गावोगाव हिंडले होते. मुलांना बोलायचं असतंच, घरात कुणी ऐकायला बसलेलं नसतं, हे मला तंजावूरच्या एका फ्रिजने शिकवलं. आता तिथे शनिवारी मुलांच्या मागे मांडी घालून एक बाप बसलेला असेल. त्याला मुलीशी भांडता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.